निवृत्त फेरीबोटी धक्क्यालाच का खोळंबतात?

नाशिकच्या एका वाचकांचे सविस्तर पत्र या महिन्यात आले आणि त्याच विषयाला लागून असलेली आणखी तीन पत्रे आमच्याकडे आधीपासून पडून होती. त्यामुळे या वेळचे सदर या एकाच विषयाला दिले आहे.

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत सिएटलजवळ राहते. २०२३ च्या उन्हाळ्यात तिच्याकडे गेलो असताना आम्ही सिएटलहून फेरीबोटीने बेनब्रिज बेटावर गेलो. बोट धक्क्याला लागत असताना पलीकडे एक मोठे आवार दिसले आणि तेथे आमच्या बोटीसारख्याच हिरव्या-पांढऱ्या रंगाच्या काही बोटी बांधून ठेवलेल्या दिसल्या. त्यांतील दोन-तीन बोटींवर गंजाचे ओघळ उतरले होते आणि वर माणूस दिसत नव्हता. जावई म्हणाले, ‘बाबा, त्या तुमच्यासारख्याच रिटायर झाल्या आहेत.’ २०२४ च्या ऑक्टोबरात पुन्हा जाणे झाले, तेव्हा त्यांतील दोन बोटी जागेवर नव्हत्या. हे आवार कोणाचे आहे? निवृत्त बोटी दुरुस्तीच्या जागेत वर्षानुवर्षे का ठेवतात? आणि त्या दोन बोटी गेल्या कोठे? (एक निवृत्त अभियंता, नाशिक)

उत्तर : आपण पाहिलेले आवार म्हणजे ‘वॉशिंग्टन स्टेट फेरीज’ या सरकारी फेरीसेवेचा बेनब्रिज बेटावरील ईगल हार्बर या बंदरातील दुरुस्तीचा तळ. ही सेवा वॉशिंग्टन राज्याच्या परिवहन विभागाची शाखा आहे. १ जून १९५१ रोजी राज्याने ‘ब्लॅक बॉल’ या खासगी कंपनीच्या बोटी आणि धक्के विकत घेऊन ती सुरू केली, आणि आज २१ बोटींच्या ताफ्यासह ती अमेरिकेतील सर्वांत मोठी फेरीसेवा मानली जाते. प्युजेट साउंड हा समुद्राचा जमिनीत खोलवर शिरलेला भाग आहे. त्यातील बेटे आणि द्वीपकल्पे यांच्याकडे जाणाऱ्या मोटारी या बोटींवर चढतात, म्हणून तेथे फेरीमार्गाला राज्य महामार्गाचाच एक भाग समजतात. एखादी बोट बंद पडली की तिकडच्या लोकांना रस्ता खचल्यासारखे वाटते, ते याच कारणाने.

ईगल हार्बरचा हा काठ जहाजबांधणीला नवा नाही. हॉल बंधूंनी लाकडी शिडाची जहाजे बांधण्याचा आपला कारखाना विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी येथे आणला. गावाचे पूर्वीचे ‘मॅड्रोन’ हे नाव जाऊन ‘विन्स्लो’ हे नाव आले, ते त्याच घराण्यातील विन्स्लो हॉल यांच्यावरून. दुसऱ्या महायुद्धात याच काठावर नौदलासाठी सुरुंगशोधक नौका बांधल्या गेल्या. युद्धानंतर काम आटले, कारखाना बंद पडला, आणि १९६० च्या दशकात ती जागा फेरीसेवेच्या हाती आली. कारखान्याने मागे ठेवलेला वारसा मात्र फारसा चांगला नव्हता. बंदराच्या पश्चिम भागातील गाळात पारा आणि इतर जड धातू साचले होते, तर समोरच्या काठावर लाकूड कुजू नये म्हणून त्याला क्रिओसोट हे डांबरी तेल पाजणाऱ्या कारखान्याने जमीन आणि पाणी दोन्ही नासवली होती. १९८७ मध्ये या साऱ्या परिसराची नोंद अमेरिकेच्या अतिप्रदूषित स्थळांच्या राष्ट्रीय यादीत झाली. निवृत्त बोटींच्या बाबतीत तेथील अधिकारी इतके हात राखून का वागतात, याचे अर्धे उत्तर बोटींच्या खालच्या या गाळात आहे.

आता तळावर काय चालते ते पाहू. सर्वसामान्य समज असा असतो की बोटींचा दुरुस्तीतळ म्हणजे गोदी. पण ईगल हार्बरला सुकी गोदी, म्हणजे बोट पाण्याबाहेर कोरडी घेण्याची सोय, नाही. बोट पाण्यावर तरंगत असतानाच जी कामे करता येतात तेवढी येथे होतात: इंजिनांची खोलजोड, पाइप, वीजजोडणी, पत्राकाम, वेल्डिंग, सुतारकाम, प्रवासी कक्षातील डागडुजी. याच कारागिरांना मार्गांवरील धक्क्यांची यंत्रेही दुरुस्त करावी लागतात. बोटीचा तळ खरवडायचा असेल, पंखे किंवा सुकाणू काढायचे असेल, पाणरेषेखालचा पत्रा बदलायचा असेल, तर बोट खासगी गोदीत न्यावी लागते आणि त्यासाठी रीतसर निविदा निघते. तटरक्षक दलाच्या नियमांप्रमाणे प्रवासी बोटीच्या तळाची ठरावीक काळाने तपासणी होते. पत्र्याची जाडी ध्वनिलहरींच्या उपकरणाने मोजतात, आणि ती मर्यादेखाली गेली की तेवढा पत्रा कापून नवा घातल्याशिवाय तपासणीचे प्रमाणपत्र मिळत नाही. त्यामुळे आपण पाहिलेल्या सगळ्याच बोटी निवृत्त नव्हत्या. काही दुरुस्तीसाठी आलेल्या असणार, काही गोदीत जाण्याची किंवा मार्गावर परतण्याची वाट पाहत असणार. गंजाचे ओघळ एवढ्यावरून निवृत्ती ओळखू नये. खाऱ्या पाण्यात चालणाऱ्या बोटीवर ते महिन्याभरातही उतरतात. खरी खूण बोटीवर माणूस नसणे ही आहे, आणि ती आपण अभियंत्याच्या नजरेने अचूक टिपली.

२०२३ मध्ये त्या तळावर निवृत्त अशा तीन बोटी होत्या. पहिली ‘हायॅक’. ती १९६७ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो येथे बांधली गेली, ३८२ फूट लांब आहे, १४४ मोटारी घेते आणि २०१९ मध्ये तिची सेवा संपली. दुसरी तिचीच बहीण ‘एल्वा’. तिचे जन्मवर्ष आणि जन्मगाव तेच, निवृत्ती मात्र २०२० मधली. तिसरी ‘क्लाहावया’ ही १९५८ मधली, आकाराने बरीच लहान, २०१७ मध्ये निवृत्त झालेली. यांतील पहिले आणि तिसरे नाव चिनूक बोलीतील आहे. ही एकेकाळी त्या किनाऱ्यावरील आदिवासी जमाती आणि व्यापारी यांच्या देवघेवीची भाषा होती. तिच्यात ‘क्लाहावया’ म्हणजे ‘रामराम’, आणि ‘हायॅक’ म्हणजे ‘चटकन’. पाच वर्षे एकाच दोराला बांधून राहिलेल्या बोटीला हे नाव असावे, याला योगायोगच म्हणायचे.

एल्वाबद्दल एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. २ ऑक्टोबर १९८३ रोजी ऑर्कस बेटाजवळ तिच्या कप्तानाने नेहमीचा मार्ग सोडून तिला ग्राइंडस्टोन नावाच्या अरुंद खाडीत घातले. कारण एवढेच की बोटीवर असलेल्या एका बाईंना त्यांचे घर पाण्यावरून कसे दिसते ते दाखवायचे होते. घर दिसले असेल. बोट खडकावर चढली. कप्तानाची नोकरी गेली आणि त्या खडकाला ‘एल्वा खडक’ हे नाव मिळाले. बोट भंगारात निघाली, तरी तिचे नाव सागरी नकाशावर राहिले.

आपला मुख्य प्रश्न असा की निवृत्तीनंतर या बोटी तेथेच का राहतात. एक कारण उपयोगाचे आहे. हायॅक आणि एल्वा यांच्याच जातीच्या ‘कलीतान’ आणि ‘याकिमा’ या आणखी दोन बोटी आहेत. त्याही १९६७ च्याच, आणि त्यांना मात्र अजून मार्गावर राहावे लागले आहे. साठ वर्षांपूर्वीच्या यंत्रसामग्रीचे कित्येक सुटे भाग बाजारात मिळत नाहीत. ते निवृत्त बहिणींच्या अंगावरून उतरवून घेतात. आपल्याकडे एसटीच्या आगारात मोडीत काढायच्या गाडीचे भाग चालू गाडीला बसवतात, तसेच हे आहे. पण हे काम वर्षा-दोन वर्षांत आटोपते. पुढच्या वर्षांचा हिशेब त्याने लागत नाही.

तो हिशेब विक्रीच्या अडचणीत आहे. सरकारी मालमत्ता असल्यामुळे बोट आधी अधिकृतपणे ‘अतिरिक्त’ ठरवावी लागते आणि मग जाहीर रीतीने विकावी लागते. घेणारे पुढे येतात, पण त्यांतील बहुतेकांना बोट हवी असते आणि तिचा सांभाळ नको असतो. तीन-चारशे फूट लांबीची बोट बांधून ठेवायला योग्य खोलीचा धक्का लागतो, विमा लागतो, आणि ती ओढून नेण्यासाठी टग लागते, कारण प्रमाणपत्र संपलेली बोट स्वतःच्या इंजिनावर प्रवाशांसह निघू शकत नाही. १९५० आणि १९६० च्या दशकांतील बोटींच्या भिंतींत आणि पाइपांच्या वेष्टनांत ॲस्बेस्टॉस असते, जुन्या रंगात शिसे असते, जुन्या केबल आणि विजेच्या साहित्यात पीसीबी या विषारी रसायनाची शक्यता असते. हे सारे काढण्याचा खर्च पोलादाच्या भावातून कितपत निघेल, याचे गणित मांडले की उत्साही खरेदीदार मागे सरतो आणि बोट पुन्हा होती तेथेच राहते.

येथे कोणी म्हणेल की मग जो येईल त्याला फुकट देऊन मोकळे व्हावे. राज्याला हे पूर्वी महागात पडले आहे, आणि माझ्या मते बोटी इतका काळ खोळंबण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे. ‘एव्हरग्रीन स्टेट’ ही १९५४ ची बोट २०१७ मध्ये फ्लोरिडातील एका कंपनीला ३ लाख डॉलरना विकली गेली. ती कॅरिबियनमधील ग्रेनाडा येथे नेण्याचा बेत होता. प्रत्यक्षात ती त्याच पाण्यात एका धक्क्यावरून दुसऱ्या धक्क्याला हलत राहिली. त्याहून वाईट गोष्ट ‘स्कॅजिट’ या बोटीची. ती फक्त प्रवासी नेणारी, १९८९ मधील, आतल्या शांत पाण्यासाठी आखलेली बोट होती. २०११ मध्ये ती आणि तिची जोडीची ‘कलामा’ अशा दोन्ही विकल्या गेल्या आणि पुढे आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर झांझिबारच्या मार्गावर चालू लागल्या. १८ जुलै २०१२ रोजी वादळी समुद्रात स्कॅजिट उलटली. तिच्यावर परवान्यापेक्षा जास्त माणसे होती. शंभराहून अधिक जण मृत्यू पावले किंवा बेपत्ता झाले. कायद्याच्या दृष्टीने विक्रेत्याचा त्या बोटीशी संबंध संपला होता. पण बातमीत ती ‘वॉशिंग्टनची जुनी फेरीबोट’ म्हणूनच आली, आणि ते खरेही होते.

आपल्याला जागेवर न दिसलेल्या दोन बोटी म्हणजे एल्वा आणि क्लाहावया. २०२४ मध्ये त्या प्रत्येकी १ लाख डॉलर या किमतीला इक्वाडोरमधील एका खरेदीदाराला विकल्या गेल्या. त्या चालवण्यासाठी घेतल्या नव्हत्या, त्यांचे पोलाद वितळवून पुन्हा वापरण्यासाठी घेतल्या होत्या. आपल्या घराच्या किमतीशी तुलना केली तर १ लाख डॉलर ही रक्कम ३८२ फुटी बोटीसाठी हास्यास्पद वाटेल. पण विक्रीने राज्याच्या तिजोरीत काय पडले, यापेक्षा दुरुस्तीतळावरचे दोन धक्के मोकळे झाले याला तेथे अधिक महत्त्व आहे. चालू ताफा इतका तंग आहे की दुरुस्तीची एक जागा निवृत्त बोटीने अडवली, तर तिच्यामुळे चालू बोटीचे काम लांबते आणि कोठेतरी एखाद्या मार्गावरची फेरी रद्द होते.

रिकाम्या बोटीलाही चाकरी लागते, हे आपल्या पत्रातील ‘वर माणूस दिसत नव्हता’ या वाक्यावरून सांगावेसे वाटते. किनाऱ्यावरून वीज द्यावी लागते, आत पाणी साचते आहे का ते पाहावे लागते, वादळाआधी दोर दुप्पट करावे लागतात, आगीची सूचना देणारी यंत्रणा जिवंत ठेवावी लागते. कोकणात पावसाळ्याआधी होड्या वर ओढून झापांनी शाकारून ठेवतात, ते नारळी पौर्णिमेला त्या पुन्हा पाण्यात जायच्या असतात म्हणून. ज्या बोटीला परत जायचेच नाही, तिला शाकारत राहणे हे मनाला न पटणारे काम आहे, पण ते टाळता येत नाही.

प्रश्न : मी उरणचा. माझे वडील मुंबईला दारूखान्यात जहाजे तोडण्याच्या कामावर होते. अमेरिकेत जुन्या फेरीबोटी तोडायला गिऱ्हाईक मिळत नाही असे वाचले. त्या गुजरातेत अलंगला का पाठवत नाहीत? तेथे तर जगभरची जहाजे येतात. (एक वाचक, उरण)

उत्तर : आपल्या घरातच जाणकार होते, त्यामुळे जहाज तोडण्याच्या धंद्यात नफा कोठून येतो हे आपल्याला सांगायला नको. अलंगला येणारे मोठे मालवाहू जहाज बहुधा स्वतःच्या इंजिनावर, भरतीची वेळ साधून, किनाऱ्याच्या गाळावर चढवतात. ते तेथवर स्वतः चालत येते, आणि त्यात हजारो टन पोलाद असते. प्युजेट साउंडमधील फेरीबोट या दोन्ही बाबतींत उणी पडते. ती आतल्या पाण्यासाठी बांधलेली असते. तिच्या मोटारींच्या मजल्याची दोन्ही टोके उघडी असतात, आणि पॅसिफिकच्या लाटेत अशी बोट ओढून नेणे म्हणजे उघड्या तोंडाचे भांडे प्रवाहातून ओढण्यासारखे आहे. त्यासाठी टोकांना पोलादी झडपा बसवाव्या लागतात, टग आठवडेच्या आठवडे गुंतते, आणि विम्याचा हप्ता तसाच चढा असतो. अर्धी पृथ्वी ओलांडून नेण्याइतके पोलाद तिच्यात नसते.

दुसरी अडचण कायद्याची. पीसीबी असलेल्या वस्तू देशाबाहेर पाठवण्यास अमेरिकी कायदा मोठ्या प्रमाणात मनाई करतो, म्हणून जुनी सरकारी बोट परदेशात तोडायला पाठवण्यापूर्वी ती तपासून आणि शक्य तेवढी साफ करून द्यावी लागते. जहाजे सुरक्षितपणे तोडण्यासंबंधीचा हाँगकाँग करार २६ जून २०२५ रोजी अमलात आला आणि भारत त्यात सहभागी आहे. त्यामुळे अलंगच्या बाबतीत पूर्वीपेक्षा अटी स्पष्ट झाल्या आहेत. पण या करारामुळे अंतर कमी होत नाही.

म्हणूनच या बोटींचा शेवट बहुधा त्याच किनाऱ्यावर, फार तर थोडा दक्षिणेला होतो. ‘स्टील-इलेक्ट्रिक’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चार बोटींचे उदाहरण घेण्यासारखे आहे. ‘इलाही’, ‘क्लिकिटाट’, ‘निस्क्वाली’ आणि ‘क्विनॉल्ट’ या चौघी १९२७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरासाठी बांधल्या गेल्या. (आपल्या कानांना ‘इलाही’ हे नाव वेगळेच वाटेल, चिनूक बोलीत त्याचा अर्थ ‘भूमी’ असा आहे.) १९३६ आणि १९३७ मध्ये त्या उपसागरावर दोन प्रचंड पूल झाले आणि बोटींचे काम संपले. तेव्हा ब्लॅक बॉल कंपनीने त्या उत्तरेकडे आणल्या, पुढे त्या राज्याच्या ताफ्यात आल्या, आणि तब्बल ८० वर्षे चालल्या. २० नोव्हेंबर २००७ रोजी, म्हणजे सुटीच्या गर्दीच्या ऐन तोंडावर, राज्याच्या परिवहन सचिव पॉला हॅमंड यांनी चौघींनाही एका आदेशाने सेवेतून काढले. गोदीतील तपासणीत तळाच्या पत्र्याला गंजाने पडलेले खड्डे उघड झाले होते. त्या लहान असल्यामुळे पोर्ट टाउनसेंडच्या मार्गावरील उथळ आणि अरुंद बंदरात त्यांच्याशिवाय दुसरी मोटारवाहू बोट चालत नव्हती, म्हणून तो मार्गच मोटारींना बंद झाला. त्यांच्या जागी ६४ मोटारींच्या नव्या बोटी २०१० पासून एकेक करून आल्या. जुन्या चौघी २००९ मध्ये विकल्या गेल्या, टगने ओढून मेक्सिकोतील एन्सेनाडा येथे नेल्या आणि तेथे तोडल्या.

एक गोष्ट मुद्दाम लक्षात आणून देतो. पुलामुळे निकामी झालेली बोट दुसरीकडे जवळजवळ ७० वर्षे उपयोगी पडू शकते. तळ गंजलेली बोट कोठेच उपयोगी पडत नाही. निवृत्ती एकच दिसली, तरी तिचे कारण काय यावर पुढचे सारे अवलंबून असते. आपल्याकडे गोव्यात मांडवीवर पूल झाल्यावर पणजी-बेती तरीची (फेरीबोटीची) गर्दी ओसरली होती. १९८६ च्या जुलैत तो पूल कोसळला आणि लोक पुन्हा तरीच्या धक्क्यावर रांगेत उभे राहिले. चांगल्या स्थितीतील फेरीबोट मोडीत काढण्याची घाई करू नये, हे त्या वेळी गोवेकरांना कोणी वेगळे सांगावे लागले नसेल.

प्रश्न : अशा बोटींचे हॉटेल किंवा संग्रहालय का करत नाहीत? इतिहास जपला जाईल आणि खर्चही निघेल. (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : ही कल्पना प्रत्येक निवृत्त बोटीच्या वाट्याला एकदा तरी येते, आणि एखाद-दुसऱ्या वेळी ती साधतेही. ‘हायू’ ही ताफ्यातील सर्वांत लहान बोट २०१७ मध्ये १ लाख ५० हजार डॉलरना विकली गेली आणि सिएटलच्या लेक युनियनवर समारंभ व करमणुकीची जागा म्हणून वापरात आली. ती जमली याचे कारण तिचा लहान आकार, आणि गोड्या पाण्यातला मुक्काम. गोड्या पाण्यात पोलाद खाऱ्या पाण्याच्या मानाने सावकाश गंजते.

मोठ्या बोटीचे काय होते, याचे उदाहरण ‘कलाकला’ आहे. १९३५ मध्ये आलेली ही चंदेरी, गुळगुळीत, विमानाच्या अंगासारखी घडवलेली बोट त्या काळात सिएटलची शान होती. पोस्टकार्डांवर तिचे चित्र असे. चिनूक बोलीत ‘कलाकला’ म्हणजे पक्षी. १९६७ मध्ये ती निवृत्त झाली आणि अलास्कात नेऊन तिच्यात खेकडे व कोळंबी डबाबंद करण्याचा कारखाना काढण्यात आला. कोडियाक येथे ती चिखलात रुतून बसली. तिच्यावर प्रेम करणाऱ्यांनी ती तेथून उपसली आणि १९९८ मध्ये वाजतगाजत सिएटलला परत आणली. संग्रहालय करायचे, उपाहारगृह करायचे, असे बेत झाले. पैसे मात्र उभे राहिले नाहीत. मालक बदलत गेले, धक्के बदलत गेले, तळ सडत गेला. २०११ मध्ये तटरक्षक दलाने तिला जलमार्गाला धोका ठरवले आणि २०१५ च्या आरंभी टाकोमा येथे ती तोडण्यात आली. निवृत्तीपासून तोडणीपर्यंत ४८ वर्षे गेली. प्रवाशांच्या सेवेतही ती इतकी वर्षे राहिली नव्हती.

मी जुन्या वस्तू जपण्याच्या विरोधात नाही, पण तरंगते संग्रहालय ही जमिनीवरच्या वाड्यासारखी गोष्ट नव्हे. वाड्याच्या डागडुजीला वर्षभर उशीर झाला तर भिंत ओल धरते. बोटीला तेवढाच उशीर झाला तर ती बुडते, आणि बुडताना आपले तेल आणि रंग बंदरात सोडते. एवढे पैसे दरवर्षी उभे करणारी संस्था नसेल, तर बोटीचे सुकाणूघर, घंटा, नामफलक आणि बांधणीचे नकाशे जपावेत आणि पोलाद भट्टीत जाऊ द्यावे, असे माझे मत आहे. काही वाचकांना ते रुक्ष वाटेल.

आणखी एक मार्ग असतो, तो समुद्रतळाचा. ३० मार्च १९४२ रोजी, जपानशी युद्ध सुरू असताना, बेनब्रिज बेटावरील २२७ जपानी वंशाच्या रहिवाशांना सैनिकांच्या पहाऱ्यात घरांतून काढून ‘केलोकेन’ नावाच्या फेरीबोटीवर चढवण्यात आले. आपल्याच देशातील नागरिकांना वंशावरून छावण्यांत डांबण्याच्या त्या मोहिमेतील ही पहिली तुकडी होती, आणि ज्या धक्क्यावरून ती निघाली तो ईगल हार्बरच्याच दक्षिण काठावर, आजच्या दुरुस्तीतळाच्या समोरच्या बाजूला होता. आता तेथे स्मारक आहे. केलोकेन पुढे निवृत्त झाली, आगीत सापडली, आणि तिचा सांगाडा व्हिडबी बेटाच्या दक्षिण टोकाशी माशांना आसरा म्हणून बुडवण्यात आला. पाणबुडे आजही तेथे उतरतात. ती लाकडी बोट होती. आजच्या बोटींच्या बाबतीत ॲस्बेस्टॉस आणि रंग पूर्णपणे काढल्याशिवाय असे करू देत नाहीत.

प्रश्न : या फेरीबोटींचे पुढचे तोंड कोणते आणि मागचे कोणते हे कळत नाही. दोन्हीकडे सुकाणूघर कशासाठी? (इयत्ता नववीतील विद्यार्थिनी, ठाणे)

उत्तर : कळत नाही, कारण तसा फरकच नसतो. या बोटी दोन तोंडांच्या असतात. दोन्ही टोकांना पंखा, सुकाणू आणि सुकाणूघर असते. मोटारी एका टोकाने चढतात आणि समोरच्या धक्क्यावर सरळ दुसऱ्या टोकाने उतरतात, त्यामुळे मोटारीला किंवा बोटीला वळावे लागत नाही. सिएटल ते बेनब्रिज हा प्रवास सुमारे ३५ मिनिटांचा आहे. प्रत्येक धक्क्यावर बोट वळवावी लागली असती तर दिवसभरात किती फेऱ्या कमी झाल्या असत्या, हा हिशेब तू स्वतः करून पाहा. परतीच्या वेळी कप्तान फक्त एका सुकाणूघरातून निघून दुसऱ्यात जातो. दुरुस्तीवाल्यांच्या दृष्टीने मात्र ही सोय दुधारी आहे: पंखे दोन, सुकाणू दोन, आणि त्यांच्या दांड्या जेथून बाहेर निघतात ती पाणी अडवणारी बूचेही दोन. बोट गोदीत गेली की सगळे दोनदा तपासायचे. निवृत्त बोट विकत घेणाऱ्याने भाव करताना हे विसरू नये, असे मी नाशिकच्या पत्रलेखकांनाही सुचवीन. हायॅकवर त्यांचा डोळा आहे, अशी शंका त्यांच्या पत्राच्या ताज्या कलमावरून येते. त्यांनी तेथे विचारले आहे की मुळा-मुठेवर ती चालेल का. तिला तरंगण्यासाठी १८ फुटांहून अधिक पाणी लागते.